पंधरा अक्षरांचा इलाखा

आमच्या संस्थेचे नाव बदलले तेव्हा पाटी रंगवणाऱ्याला एक दिवस लागला, रबरी शिक्के करून आणायला चार दिवस लागले, आणि संस्थेतल्या अठरा कॉम्प्युटरांना ते नाव पटवून द्यायला पुरते पाच आठवडे लागले. पत्रा, लाकूड आणि रबर यांना आपण निर्जीव म्हणतो, पण नव्या नावाखाली ती बिचारी निमूटपणे रुजू होतात. ज्या यंत्राला सारे काही क्षणात कळते म्हणून आपण त्याची वाखाणणी करतो, ते मात्र नावाची गोष्ट निघाली की एखाद्या जुन्या अव्वल कारकुनासारखे अडून बसते.

संस्था परळची. गिरणीच्या पहिल्या पाळीवरून सुटलेल्या कामगारांना अक्षरओळख व्हावी म्हणून चार मंडळींनी रात्रशाळा काढली, मागाहून तिला दिवसाची शाळा जोडली गेली. गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी उंच इमारती आल्या, तरी शाळा आहे तिथेच आहे. नव्या विश्वस्तांनी संस्थेला संस्थापकांचे नाव द्यायचे ठरवले. ते योग्यच होते. ते नाव पूर्वीच द्यायला हवे होते असे माझे मत आहे. पण ठरावाच्या शेवटी कोणा उत्साही गृहस्थांनी एक ओळ घातली : 'यापुढे जुने नाव कोठेही दिसता कामा नये.' त्या 'कोठेही'ने सारा घोळ झाला. पाटी, पावतीपुस्तके, दाखल्यांचे कोरे कागद हे सगळे पार पडले. एके दिवशी एका विश्वस्तांनी हेडक्लार्क बाईंच्या टेबलाशी उभे राहून कॉम्प्युटर सुरू होताना पाहिला. नाव आणि पासवर्ड विचारणारी जी चौकट येते, तिच्या खाली जुन्या संस्थेची आद्याक्षरे दिमाखात उभी होती.

खरे म्हणजे या शहरात राहणाऱ्याला अशा गोष्टींची सवय हवी. १८८७ साली राणीच्या नावाने ओळखले जाऊ लागलेले स्टेशन १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले, २०१७ मध्ये त्यात 'महाराज' आले, आणि एवढे होऊनही टॅक्सीत बसणारा माणूस 'व्हीटी' म्हणून मोकळा होतो. एल्फिन्स्टन रोडचे जुलै २०१८ मध्ये प्रभादेवी झाले. आमच्या परळ स्टेशनाच्या पुलावरून पलीकडे उतरणाऱ्या आजीबाईंच्या तोंडी अजून 'एल्फिस्टन'च आहे. विद्यापीठ १९९६ मध्ये मुंबईचे झाले, पण उच्च न्यायालय इंग्रजीत बॉम्बेचेच राहिले आणि पवईची आय.आय.टी.ही. सर्वांत हुशारी केली ती महापालिकेने. बॉम्बेची बृहन्मुंबई केली आणि बी.एम.सी. ही तिन्ही अक्षरे जागच्या जागी ठेवली.

पण हे झाले तोंडातले नाव. यंत्राच्या पोटात एक निराळेच नाव असते आणि ते लोकांना सहसा दिसत नाही. विमानाने आलेल्या माणसाच्या पेटीला बांधलेल्या चिठ्ठीवर मुंबईसाठी बी-ओ-एम ही अक्षरे असतात. त्यातला बॉम्बे कोणी काढलेला नाही. मुंबई सेंट्रलची रेल्वेतली खूण बी-सी-टी होती. शहराचे नाव बदलल्यावर पुष्कळ वर्षे पाटीवर मुंबई आणि खुणेत बॉम्बे असा संसार चालला, आणि मग केव्हातरी ती खूण एम-एम-सी-टी झाली. याहून मौज रशियाची. १९९० साली सोव्हिएत युनियनला इंटरनेटच्या पत्त्यासाठी 'एस-यू' ही दोन अक्षरे मिळाली. पुढच्याच वर्षी ते राष्ट्र उरले नाही. अक्षरे मात्र त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ चालत राहिली, त्यांवर नवे पत्तेही घेतले गेले. राष्ट्र मोडणे त्या मानाने सोपे दिसते.

आमचे काम करायला आला तो आमच्याच रात्रशाळेचा जुना विद्यार्थी. लालबागच्या एका चाळीत राहतो. दिवसा दुकानात काम करून रात्री शिकला, दहावी झाला, पुढे नेटवर्किंगचा कोर्स केला आणि आता गिरगावपासून दादरपर्यंतच्या लहान कचेऱ्यांतल्या यंत्रांची देखभाल करतो. मला 'सर' म्हणतो, हेडक्लार्कना 'बाई', आणि आमच्या शिपायाला सगळी शाळा म्हणते तसे 'मामा'. त्याच्या तोंडून 'डोमेन' हा शब्द दहादा ऐकल्यावर मी त्याला म्हटले, 'अरे, याला मराठीत चांगला शब्द आहे. इलाखा.' मुंबई इलाखा त्याने ऐकला नव्हता. पण शब्द त्याला आवडला आणि त्याने तो लगेच वापरायला घेतला.

त्याने समजावले ते असे. घरातला कॉम्प्युटर हा स्वतंत्र संस्थानिक असतो. कोणाला आत घ्यायचे, कोणाला नाही, हे तो स्वतः ठरवतो. कचेरीतली यंत्रे मात्र इलाख्यात दाखल झालेली असतात. इलाख्याची एक राजधानी असते, म्हणजे सर्व्हर. तिथल्या दप्तरात प्रत्येक माणसाची नोंद असते. त्याचबरोबर प्रत्येक यंत्राचीही असते, हे मला नवीन होते. माणसाला जसा पासवर्ड असतो तसा यंत्रालाही असतो. तो कोणी ठरवत नाही, कोणाला ठाऊक नसतो, आणि साधारणपणे दर तीस दिवसांनी यंत्र आपण होऊन तो बदलते आणि राजधानीला कळवते. कचेरीत आपण चहा पीत असतो तेव्हा ही कुजबुज चालू असते. आता समजा, यंत्राच्या लक्षात एक पासवर्ड राहिला आणि दप्तरात दुसराच लिहिलेला निघाला, तर पडद्यावर एक इंग्रजी वाक्य येते. त्याचा अर्थ असा : या यंत्राचे आणि मुख्य इलाख्याचे विश्वासाचे नाते तुटले आहे. मी त्याला ते वाक्य पुन्हा दाखवायला लावले. नवराबायकोच्या बेबनावावर मी दोन कादंबऱ्यांत मिळून कितीतरी पाने खर्च केली आहेत, पण इतके स्वच्छ वाक्य मला साधलेले नाही.

या सगळ्यात माझा संबंध आला तो शुद्धलेखनामुळे. इलाख्याचे नवे नाव रोमन अक्षरांत लिहायचे होते आणि संस्थापकांच्या नावात 'ज्ञ' आहे. ज्ञानेश्वराला आपण महाराष्ट्रात डी-एन-वाय लावतो, उत्तरेकडे जी-वाय लावतात, संस्कृत पंडित जे-एन लावतात. भाषेचा शिक्षक म्हणून निवाडा करायला मला बोलावले. मी डी-एन-वायच्या बाजूने निकाल दिला आणि त्यावर एका विश्वस्तांनी, जे स्वतः काशीला राहून आलेले होते, हरकत घेतली. तीन बैठका झाल्या. देवनागरीतच का नको, असाही प्रश्न निघाला. प्रश्न वाजवी होता, कारण २०१४ पासून इंटरनेटवर 'डॉट भारत' असा देवनागरी पत्ता घेता येतो. पण मुलगा म्हणाला, 'सर, बाहेरच्या पत्त्याला चालेल. आतल्या इलाख्याला नको. लॅबमधला प्रिंटर तेरा वर्षांचा आहे, तो घाबरेल.'

त्याहून मोठी अडचण निराळीच निघाली. इलाख्याला दोन नावे असतात. एक लांब, एक आखूड. पडद्यावर जे दिसते ते आखूड, आणि त्याला पंधरा अक्षरांची मर्यादा आहे. ही मर्यादा फार जुन्या काळची. तेव्हा नाव ठेवायला सोळा घरे दिली, त्यातले शेवटचे यंत्राने स्वतःच्या खुणेसाठी राखून ठेवले, म्हणून पंधरा उरली. संस्थापकांची पदवी, नाव, वडिलांचे नाव, आडनाव आणि पुढे 'शिक्षण संस्था' अशी मोजणी केली तर एकेचाळीस अक्षरे भरली. पदवी गाळली तर विश्वस्तांना चालेना, वडिलांचे नाव गाळले तर संस्थापकांच्या नातवाला चालेना, आणि आडनाव गाळले तर कोणालाच चालेना. एक गृहस्थ तर हिशेबाच्या सुरात म्हणाले, 'सव्वीस अक्षरांचे जास्तीचे पैसे भरू की.' पैसे घेणारा कोणी नव्हता, हेच दुःख. अखेरीस व्हायचे तेच झाले. पुन्हा आद्याक्षरेच ठेवली, पाच. चौकटीखाली पूर्वी चार अनोळखी अक्षरे दिसत, आता पाच दिसू लागली. ज्ञचा वाद ज्ञवरच राहिला, कारण आद्याक्षरांत त्याचा फक्त 'डी' उरला आणि काशीचे विश्वस्त तेवढ्यावर नमले.

नाव ठरले. आता ते बदलायचे कसे याला दोन वाटा होत्या. आहे त्याच राजधानीचे नाव बदलायचे ही एक वाट. मायक्रोसॉफ्टने २००३ च्या सर्व्हरपासून ती सोय दिलेली आहे. नाव बदलले की इलाख्यातले प्रत्येक यंत्र एकदा नव्हे, दोनदा बंद करून सुरू करावे लागते. त्या वेळी जे यंत्र गैरहजर असेल ते पोरके होते. सोय असली तरी जाणती माणसे सहसा त्या वाटेला जात नाहीत, असे मुलगा म्हणाला. आमचा सर्व्हर तर २०१२ च्या घडणीचा होता आणि त्या घडणीला कंपनीने १० ऑक्टोबर २०२३ रोजी हात वर केलेले होते. त्यावर नवे नाव लिहिणे म्हणजे पडायला आलेल्या भिंतीला रंग देण्यासारखे. तेव्हा दुसरी वाट घेतली. नवा सर्व्हर आणायचा, त्यावर नव्या नावाचा इलाखा वसवायचा, आणि एकेक यंत्र जुन्या इलाख्यातून काढून नव्यात दाखल करायचे. दोन्ही राजधान्यांमध्ये तह करून, लोकांना जुन्या ओळखीसकट पलीकडे नेण्याचीही एक रीत आहे. मोठ्या कचेऱ्या ती वापरतात. अठरा यंत्रांसाठी एवढा पूल कशाला बांधायचा, म्हणून आमच्याकडे तो बांधला नाही.

या सुमारास पत्ते बदलण्याचे वारेच होते. रिझर्व्ह बँकेने देशातल्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या राखीव इलाख्यात यायला सांगितले होते. खऱ्या बँकेसारखे दिसणारे खोटे पत्ते करून लोकांना लुबाडणाऱ्यांना आळा बसावा, हा हेतू. तिथे जागा हवी तर हैदराबादच्या आय.डी.आर.बी.टी. या एकाच संस्थेकडे अर्ज करायचा. वाटेल त्याला ती मिळत नाही. आमच्या स्टाफरूममध्ये त्यावर दोन दिवस चर्चा झाली. पत्ता बदललेला पाहून एका शिक्षकांना वाटले की हीच फसवणूक आहे, आणि त्यांनी आठवडाभर खाते उघडून पाहिले नाही. पण बँकांचा तो बदल बाहेरच्या दाराचा. आमचा होता माजघरातला.

पहिले यंत्र हलले, दुसरे हलले. मुलाने प्रत्येकाला नवे लॉगिन नाव दिले, कारण जुन्या पद्धतीत कोणाचे नाव आधी तर कोणाचे आडनाव आधी असा गोंधळ होता. हेडक्लार्क बाईंना त्याने कागदावर लिहून दिले. त्यांनी चष्मा वर करून ते वाचले आणि म्हणाल्या, 'सर, हे माझं तिसरं नाव.'

बाईंचे माहेर गिरगावातल्या एका वाडीतले. १९९१ साली लग्न होऊन परळला आल्या तेव्हा गृहप्रवेशानंतर तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिले गेले. नवऱ्याने लिहिले, सासूने वाचले, शेजारणींनी पेढे खाल्ले. वडिलांनी ठेवलेले नाव तेव्हापासून फक्त माहेरी आणि एस.एस.सी.च्या प्रमाणपत्रावर उरले. आता निवृत्ती चार महिन्यांवर आलेली, पेन्शनचे कागद चाललेले. प्रमाणपत्रावर एक नाव आणि सेवापुस्तकात दुसरे, म्हणून त्यांना मी तीच ती म्हणून प्रतिज्ञापत्र करावे लागले होते. 'मीच ती' असे स्टँपपेपरवर लिहून देण्याची वेळ पुरुषावर क्वचितच येते. बाईंनी हे तक्रार म्हणून सांगितले नाही. त्यांना फाइल वेळेत जायला हवी होती, एवढेच.

तिसऱ्या आठवड्यात एका शुक्रवारी त्यांचे यंत्र हलवले. मुलाने ते बंद केले, सुरू केले, बाईंनी नवे नाव टाइप केले आणि पडद्यावर निळा मोकळा रंग पसरला. त्यावर पूर्वी केशवजी नाईक चाळीतल्या गणपतीचे चित्र असे. १८९३ पासून गिरगावात बसणारा तो गणपती म्हणजे बाईंचे माहेरपण. चित्र नव्हते. त्याभोवती ओळीने मांडलेल्या फाइली नव्हत्या. आणि ती एक फाइलही नव्हती.

ती फाइल म्हणजे काय हे सांगायला हवे. शाळेत दाखल होणाऱ्या प्रत्येक मुलाची नोंद जनरल रजिस्टरात होते : नाव, जन्मतारीख, जन्मगाव, जात, आधीची शाळा, सोडल्याची तारीख, सोडल्याचे कारण. आमच्याकडे अशी जाडजूड रजिस्टरे आहेत. रात्रशाळेच्या रजिस्टरांत जन्मगावाच्या रकान्यात मंडणगड, संगमेश्वर, पाटण, जावळी अशी नावे एकामागून एक येतात. १८ जानेवारी १९८२ ला गिरणीसंप सुरू झाला, त्यानंतरच्या पानांवर 'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यात एकाच हाताने, एकाच शाईने, पानभर 'गावी गेला' असे लिहिलेले आहे. गिरणगावावर पुष्कळ पुस्तके निघाली आहेत. मला ती पाने पुरतात.

ही रजिस्टरे कोणी उघडत नसे. पुढे जातीच्या दाखल्याची पडताळणी आली आणि माणसे आजोबांच्या शाळेच्या शोधात निघाली. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, भटक्या विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. आजोबांच्या नोंदीचा उतारा मिळाला तर नातवाची इंजिनीअरिंगची जागा राहते, नाही तर जाते. २०२३ नंतर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा तर आमच्या जिन्यात रांग लागे. आणि माणसे काय माहिती घेऊन येत? 'आजोबा इथं शिकायला होते, बहुतेक पन्नास-साठच्या दरम्यान.' बाईंनी रोज अर्धा तास जास्त बसून, कोणी सांगितलेले नसताना, रजिस्टरांची सूची केली होती. रजिस्टरातले नाव, हल्लीचे नाव, गाव, नंबर. कामाला अकरा वर्षे लागली. ती सूची त्या निळ्या रंगाच्या मागे कोठेतरी होती.

'बाई, काही गेलेलं नाही,' मुलगा म्हणाला. 'तुमचं जुनं घर तसंच आहे. पण तुमच्याकडे आता त्याची किल्ली नाही.'

यंत्र माणसाला नावाने ओळखतच नाही, नंबराने ओळखते, हे तेव्हा कळले. नाव ही आपल्या सोयीसाठी वर लावलेली चिठ्ठी. इलाख्यात नोंद होते तेव्हा प्रत्येकाला एक लांबलचक नंबर मिळतो. त्याचा पुढचा भाग इलाख्याचा, शेवटचा भाग ज्याचा त्याचा. हजाराच्या पुढून ते सुरू होतात आणि एकदा दिलेला नंबर त्या इलाख्यात दुसऱ्याला पुन्हा दिला जात नाही. जुन्या इलाख्यातल्या बाई आणि नव्या इलाख्यातल्या बाई या यंत्राच्या लेखी दोन परक्या स्त्रिया होत्या. मुलाने जुन्या फाइलींच्या मालकाची चौकट उघडून दाखवली. जिथे पूर्वी बाईंचे नाव असे तिथे आता 'अकाउंट अननोन' असे दोन शब्द आणि पुढे एस-१-५-२१ पासून सुरू होणारी आकड्यांची रांग होती. ज्या राजधानीत तो नंबर कोणाचा हे लिहिलेले होते तिच्याशी या यंत्राचे बोलणे आता बंद झालेले होते.

बाईंनी तो नंबर सावकाश, शेवटपर्यंत वाचला. 'म्हणजे आपल्या जनरल रजिस्टरासारखंच की,' त्या म्हणाल्या. 'मुलीचं लग्न होवो, नाव बदलो, जी.आर. नंबर तोच. फक्त आपल्या रजिस्टरात नंबरापुढचं नाव पुसत नाहीत.'

हे खरेच आहे. शाळा सोडल्यावर रजिस्टरातले नाव सहजासहजी बदलता येत नाही, शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मुलाने माफक हसून मान डोलावली. फाइली पलीकडे नेण्याचे काम त्याने शनिवारी करायचे ठरवलेलेच होते; त्यात अवघड काही नव्हते, फक्त वेळ लागणारे होते. पण नेमका त्याच वेळी दारात एक तरुण उभा राहिला. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागद. सोमवारी पडताळणी समितीपुढे त्याची तारीख होती. बहिणीचा प्रवेश त्यावर होता. आजोबा गिरणीत होते, रात्रशाळेत होते, मंडणगडकडचे होते. वर्ष माहीत नव्हते.

बाई खुर्चीतून उठल्या आणि पुन्हा बसल्या. मामांनी शिडी आणू का असे विचारले. रजिस्टरे एकोणीस होती. मुलाने तो तरुण पाहिला, पिशवी पाहिली, आणि शनिवारचे काम तिथल्या तिथे हाती घेतले. अशा वेळी इलाख्याच्या व्यवस्थापकाने जुन्या घराची मालकी आपल्याकडे घ्यायची आणि मग ती नव्या माणसाला द्यायची असते. यंत्र ते एका दमात करत नाही. प्रत्येक कागदापाशी थांबून, जुना नंबर काढून, नवा लिहीत पुढे जाते. बाईंचे कागद होते चाळीस हजारांच्या घरात. पडद्यावर नावे सरसर वर जात होती आणि आम्ही पाचजण मामांनी आणलेला कटिंग चहा हातात धरून ती पाहत होतो. तरुण बोलेना. बाईंनी त्याला गाव विचारले, वाडी विचारली, आजोबा कोणत्या गिरणीत होते ते विचारले. त्यांच्या अशा प्रश्नांतून माणसे निम्मी सापडतात. पाऊण तासाने सूची उघडली.

त्याच्या आडनावाने काही मिळाले नाही. बाईंनी गावाचा रकाना लावला, मग वर्षे लावली, आणि एका ओळीवर बोट ठेवले. १९५८. नाव होते, वडिलांचे नाव होते, आडनावाच्या जागी गावाचे नाव होते. शेजारच्या रकान्यात बाईंनी केव्हातरी कोणा चुलतभावाच्या निमित्ताने नोंद करून ठेवली होती : हल्लीचे आडनाव अमुक, राजपत्र पाहावे. तरुण एकदम म्हणाला, 'हो, बाबांनी आडनाव बदलून घेतलं होतं. चर्नी रोडला जाऊन.'

चर्नी रोडला सरकारी छापखाना आहे. माणसाला नाव बदलायचे असले की ते राजपत्रात छापून यावे लागते, आणि अर्ज घरबसल्या करता येऊ लागण्यापूर्वी लोक त्यासाठी चर्नी रोड स्टेशनावर उतरत. मजा पाहा, मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मुंबईतल्या ज्या स्टेशनांची नावे बदलायचे ठरवले त्यांत चर्नी रोडही होते. त्याचे गिरगाव, करी रोडचे लालबाग. मला दोन्ही नावे पसंत आहेत, कारण ती तिथे राहणाऱ्यांच्या तोंडची आहेत. पण रेल्वेच्या पोटातल्या खुणांचे काय, हा प्रश्न आता माझ्या डोक्यातून जात नाही.

मामांनी सातवे रजिस्टर काढले. नंबर जुळला, जातीचा रकाना स्पष्ट होता. मुख्याध्यापकांची सही झाली, नव्या नावाचा शिक्का उमटला, आणि खाली कंसात बाईंनी आपल्या हाताने 'पूर्वीचे नाव' म्हणून जुन्या संस्थेचे नाव लिहिले. ते न लिहिले तर समितीला ही शाळा तीच हे कळणार कसे? ठरावातल्या 'कोठेही'चे काय, असे कोणी विचारले नाही, आणि मीही गप्प बसलो.

बाकीची यंत्रे पुढच्या दोन आठवड्यांत गेली. जुना सर्व्हर मात्र जिन्याखालच्या कपाटात अजून घरघरत आहे, कारण लॅबचा तो तेरा वर्षांचा प्रिंटर त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणाचे ऐकत नाही.

सप्टेंबरअखेर बाई निवृत्त झाल्या. त्या दिवशी मुलगा आला होता. संस्थेच्या यादीत 'निवृत्त कर्मचाऱ्याचे खाते काढून टाकावे' असे काम लिहिलेले होते. त्याने सांगितले की काढून टाकले तर बाईंनी केलेल्या प्रत्येक कागदावर पुन्हा तोच नुसता नंबर दिसू लागेल, आणि तो कोणाचा हे सांगणारे कोणी उरणार नाही.

'मग?' बाईंनी विचारले.

'बंद ठेवतो. आत कुणाला जाता येणार नाही, पण नाव राहील.'

'कोणतं? तिसरं?'

मुलगा थांबला. नावाखाली वर्णनाची एक रिकामी चौकट असते, तिथे हवे ते लिहिता येते, असे तो म्हणाला. बाईंनी देवनागरीत चालेल का विचारले. चालत होते. त्यांनी माहेरचे नाव आणि आडनाव सांगितले, त्याने टाइप केले, आणि शुद्धलेखन बघायला मला हाक मारली. एक वेलांटी ऱ्हस्व पडली होती. ती दीर्घ करून दिली.